ऑस्टेन आर्डमध्ये परत जायचंय? मग आधी एवढं करा

ऑस्टेन आर्ड या काल्पनिक जगातली टॅड विल्यम्सची जुनी फँटसी मालिका ज्यांनी कॉलेजच्या वयात वाचलीये आणि आता नवी चार जाड पुस्तकं समोर ठेवून उघडू का नको करत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः दोन वर्षं तसंच केलं. भीती एकच होती, की सायमन मला जिथे सोडून गेला होता तिथेच छान होता, स्वयंपाकघरातला पोरगा राजा झाला, राजकन्या मिरियामेल मिळाली, मग आता परत कशाला उकरायचं.

जुनी मालिका 1988 ला द ड्रॅगनबोन चेअरने सुरू झाली आणि 1993 ला संपली. नवी, म्हणजे द लास्ट किंग ऑफ ऑस्टेन आर्ड, 2017 मध्ये आली. मधे चोवीस वर्षं गेली आणि गोष्टीतही तीसेक वर्षं पुढे गेलीयेत. त्यामुळे पहिलं काम मनाचं आहे, तो चौदा-पंधरा वर्षांचा धांदरट सायमन शोधायला जाऊ नका. तो आता आजोबा आहे, आणि त्याचा एकुलता एक मुलगा तापाने गेलाय. हे मी मुद्दाम आधीच सांगतेय, कारण पुस्तक सुरू होतं तेव्हा ते होऊन गेलेलं असतं आणि माहीत नसेल तर पहिली शंभर पानं सायमन आणि मिरियामेल एकमेकांशी असे का वागतायत, नातू मॉर्गन इतका वाया गेल्यासारखा का वागतोय, कळत नाही आणि राग येतो.

जुनी तिन्ही परत वाचायची का? वेळ असेल तर जरूर. पण शेवटचं एकटंच हजार पानांच्या वर आहे, नोकरी-घर सांभाळून ते करायला गेलात तर नव्यापर्यंत पोचणारच नाही. मी काय केलं, पहिल्या पुस्तकातला हेहोल्ट किल्ल्यातला भाग वाचला, सायमन आणि त्याला शिकवणाऱ्या डॉक्टर मॉर्गेनेसचा, जो पहिल्या वेळी सगळ्यांना संथ वाटतो, आणि मग शेवटच्याचा शेवट. एवढ्याने चव परत येते. बाकी नावं अडली तर पुस्तकाच्या मागे माणसांची आणि जागांची यादी आहे, बोट घालून ठेवा.

मग एक छोटं पुस्तक आहे, द हार्ट ऑफ व्हॉट वॉज लॉस्ट. हे सोडू नका, बरेच जण सोडतात. जुन्या मालिकेतला खलनायक, वादळाचा राजा इनेलुकी, पडल्यावर त्याच्या बाजूने लढलेले नॉर्न लोक उत्तरेला पळतायत आणि सायमनच्या बाजूच्या ड्यूक इस्ग्रिमनुरची फौज मागे लागलीये, एवढीच गोष्ट. पण अर्धी गोष्ट व्हियेकी नावाच्या नॉर्नच्या नजरेतून येते, आणि ज्यांना आपण तीन पुस्तकं फक्त पांढऱ्या चेहऱ्याचे शत्रू म्हणून ओळखत होतो त्यांची घरं, त्यांची भूक, त्यांची भीती दिसायला लागते. नवी मालिका जास्त काळोखी वाटते ती माझ्या मते यामुळेच, रक्त जास्त सांडतं म्हणून नाही. पुढे व्हियेकीची मुलगी नेझेरू येते, अर्धी माणूस, लहानपणापासून नॉर्नच्या राणीसाठी मरायला तयार केलेली, आणि एका लहान मुलाला मारायला तिचा हात उचलत नाही, त्याची शिक्षा तिला चाबकाने मिळते. ते प्रकरण मी एका बैठकीत वाचू शकले नाही. तुम्हीही थांबा, काही घाई नाहीये.

2021 चं ब्रदर्स ऑफ द विंड हे खूप जुन्या काळातलं आहे, इनेलुकी आणि त्याच्या भावाचं. ते कधीही वाचा, मला नव्या मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकानंतर वाचलेलं बरं वाटलं.

नव्या मालिकेतलं पहिलं, द विचवुड क्राउन, सुरू केलंत की जुन्या लोकांना भेटायची घाई करू नका. सुरुवातीलाच राजा-राणी मरणाच्या दारात असलेल्या इस्ग्रिमनुरला भेटायला निघालेत, म्हणजे पहिली भेटच निरोपाची आहे. सायमनचा जुना दोस्त बिनाबिक येतो, बायको-मुलगी घेऊन येतो, पण त्याच्यासोबत त्याची लांडगी कांटाका नाही, तिच्या वंशातला दुसरा लांडगा आहे. मला तिथे पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन बसावं लागलं होतं. सायमनला तर स्वप्नंच पडायची थांबलीयेत, आणि ज्याला जुनी मालिका आठवते त्याला कळेल की त्याच्या बाबतीत ही किती वाईट बातमी आहे.

नवीन पात्रांना किमान अर्धं पुस्तक द्या. मॉर्गन मला तीनशे पानं आवडला नव्हता, पण दुसऱ्या पुस्तकात, एम्पायर ऑफ ग्रासमध्ये तो जंगलात एकटा पडतो तिथपासून मी त्याचीच पानं आधी शोधायला लागले.

आणि खरेदीचं. तिसरं, इनटू द नॅरोडार्क, घ्याल तेव्हा चौथं, द नॅव्हिगेटर्स चिल्ड्रन, सोबतच घ्या, कारण ते मुळात एकच शेवटचं पुस्तक होतं, फार मोठं झालं म्हणून दोन केली, 2022 आणि 2024 ला आली. त्यामुळे तिसरं संपतं तिथे काहीच संपत नाही. मधली दोन वर्षं आम्ही वाट बघितली, तुम्हाला गरज नाही. चौथं उशाशी ठेवूनच तिसऱ्याला हात लावा.