कुलाबा किल्ला आणि पांढऱ्या कांद्याचं शेत: एका दिवसाच्या अलिबागची तयारी

पिशवी भरायच्या आधी कालनिर्णय उघडा. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर दिवस आपण नाही, ओहोटी ठरवते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ, आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. षष्ठीला साडेदहाच्या आसपास. सहलीला या तिथी उत्तम. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते खरी, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी फारसं मागे हटत नाही. आकडा जुळला तरी किनाऱ्यावर कोळ्यांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारूनच पाण्यात पाय घाला. ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि पाणी फिरलं की परतायचं. आम्ही एकदा बुरुजावर रेंगाळलो आणि मुलांना कमरेएवढ्या पाण्यातून आणावं लागलं. तेव्हापासून गडात शिरतानाच परतीची वेळ सगळ्यांना सांगून ठेवतो.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. स्लीपर चिखलात रुतते, आणि अनवाणी गेलात तर खडकांवरची कालवं तळवा कापतात. चड्डी किंवा गुडघ्यावर सरकेल अशी विजार, कोरड्या कपड्यांचा एक जोड, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, टोपी, आणि माणशी किमान दीड लिटर पाणी. गडात गोड्या पाण्याची विहीर आहे, भर समुद्रात हे नवल बघण्यासारखंच, पण प्यायला आपलं पाणी न्या. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.

मुलांना आदल्या रात्री कान्होजी आंग्रे सांगून ठेवा, नाहीतर त्यांना नुसते दगड दिसतील. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. एवढं ठाऊक असलं की तटावर उभं राहून समुद्राकडे बघताना अंगावर काटा येतो. आत गणपतीचं मंदिर आहे आणि चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. तोफांवर १८४९ साल कोरलेलं आहे, ते मुलांना शोधू द्या. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे, परतल्यावर तिथे डोकं टेकवाच.

मुंबईकरांनी गेटवेहून मांडव्याची पहिली लाँच धरावी, पुढे अलिबागपर्यंतची बस बहुतेक तिकिटातच असते. पुणेकरांनी खोपोली-पेणमार्गे पहाटे निघावं. मासळीच्या जेवणाची ऑर्डर खानावळीत सकाळीच देऊन ठेवा.

शेत दुपार कलल्यावर. कार्ले, खंडाळे या गावांत भात कापल्यावर त्याच जमिनीत पांढरा कांदा लावतात. तो गोडसर, कमी तिखट. २०२२मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काढणी पाहायची तर फेब्रुवारी-मार्च गाठा. शेतकऱ्याला दोन दिवस आधी फोन करा आणि किती माणसं येणार ते खरं सांगा. काढणीच्या घाईतून तो आपल्यासाठी वेळ काढतो. वाफ्यांत पाय नको, बांधावरून चाला. माळ विणणाऱ्या बायकांचा फोटो त्यांना विचारूनच काढा. दोन माळा तरी त्यांच्याकडूनच घ्या आणि भावात घासाघीस करू नका. रस्त्याकडेला अलिबागचा म्हणून दुसराच पांढरा कांदा खपवला जातो, तेव्हा खऱ्या माळेला तिचा दाम मिळायलाच हवा.

त्यासाठी रोख पैसे आणि मोठी कापडी पिशवी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद डिकीत ठेवलेला कांदा घामेजतो. घरी पोचलात की त्याच रात्री माळ वारा लागेल अशा जागी खुंटीला टांगा आणि लागेल तसा खालचा कांदा काढत जा.