अर्जात 'मुंबई' लिहिण्यापूर्वी : महानगरात पोलीस व्हावे की नाही, हे कसे ठरवावे

पोलीस भरतीच्या अर्जात घटक निवडण्याचा एक रकाना असतो. बृहन्मुंबई, पुणे शहर, ठाणे शहर, पिंपरी-चिंचवड, छत्रपती संभाजीनगर शहर, लातूर जिल्हा, धाराशिव जिल्हा अशा नावांतून एका पदासाठी एकच घटक निवडावा लागतो. आमच्या भागातील बहुतेक मुले हा रकाना शेवटच्या दोन दिवसांत आणि केवळ एका हिशेबावर भरतात : मुंबईत जागा जास्त, म्हणजे मेरिट खाली लागेल. हा हिशेब निकाल लागेपर्यंतच्या काही महिन्यांसाठी आहे. त्याचा परिणाम मात्र वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत, म्हणजे जवळजवळ सारी कर्ती वर्षे, भोगावा लागतो. मी मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून लागलो, सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता लातूरजवळच्या माझ्या गावी राहतो. पहाटे मैदानावर धावायला येणाऱ्या मुलामुलींशी रोज बोलणे होते. त्यांच्याशी जे बोलतो, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम हे समजून घ्यावे की शिपायाची नेमणूक 'पोलीस खात्यात' अशी मोघम होत नाही. ती एका विशिष्ट घटकाच्या आस्थापनेवर होते. बक्कल नंबर त्या घटकाचा, सेवाज्येष्ठतेची यादी त्या घटकाची, पदोन्नती त्या यादीतून आणि सरकारी खोलीसाठीचा क्रमांकही तिथलाच. "आधी लागू द्या, मग बदली करून घेऊ," असे म्हणणारी मुले मला दर वर्षी भेटतात. आंतरजिल्हा बदलीची तरतूद आहे, नाही असे नाही. परंतु तिला अटी आहेत, दोन्ही घटकांची संमती आणि रिक्त जागा लागते, शिवाय नव्या घटकात गेल्यावर ज्येष्ठता यादीच्या तळापासून सुरू होते. दहा वर्षांची ज्येष्ठता सोडून गावाकडे येणे किती जणांना परवडते? म्हणून मुंबई लिहायची तर ती कायमची लिहीत आहोत असे समजूनच लिहावी.

यासाठी मी मुलांना एक साधे काम सांगतो. वहीच्या एका पानावर घरातील प्रत्येकाचे नाव आणि आजचे वय लिहावे. शेजारी दहा वर्षांनंतरचे आणि वीस वर्षांनंतरचे वय लिहावे. मग प्रत्येक नावापुढे, त्या काळात या माणसाजवळ कोण असेल, हे लिहावे. शेती कोण पाहील, बहिणीच्या लग्नाची धावपळ कोण करील, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन कोण करून आणील. ज्या घरात एक भाऊ गावी राहणार हे नक्की आहे, त्या घरातील मुलाने मुंबईचा विचार करणे आणि एकुलत्या एक मुलाने करणे यांत फार अंतर आहे, आणि हे अंतर मेरिटच्या यादीत कोठेही दिसत नाही.

सुट्ट्यांचा प्रश्न याच पानाला जोडलेला आहे. २०२२ साली राज्य सरकारने पोलिसांच्या नैमित्तिक रजा १२ वरून २० केल्या, हा मोठा दिलासा होता. तरीही खात्यावर रजा असणे आणि हव्या त्या दिवशी ती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईचे वर्ष बंदोबस्तांवर चालते : गणेशोत्सव आणि अनंत चतुर्दशी, नवरात्र, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, ३१ डिसेंबर आणि मध्येच येणाऱ्या निवडणुका, मोर्चे, अधिवेशने. या दिवसांत रजा मागायचीच नसते. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे कसे लागते, ते येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी कळते. २०२४ मध्ये वेळ अमावस्या ३० डिसेंबरला आली होती. घरचे सारे शेतात, कडब्याच्या कोपीपुढे भज्जी-आंबिलाची पंगत बसलेली, आणि मुंबईतील पोलिसाची दुसऱ्या दिवशीच्या बंदोबस्तासाठी तयारी. माझ्या नोकरीत वाट्याला आलेल्या येळवशी बोटांवर मोजता येतील.

एका गणेशोत्सवात माझे वडील विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. मला निरोप मिळाला तेव्हा मी विसर्जनाच्या बंदोबस्तावर होतो. सुटका झाल्यावर रात्रीची गाडी धरली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात पोहोचलो, तोपर्यंत ऑपरेशन करायचे की नाही, कोठे करायचे, हे सर्व शेजाऱ्यांनी ठरवून झाले होते. त्यांनी योग्यच केले. मी मात्र त्या खाटेशेजारी पाहुण्यासारखा उभा होतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. जालना किंवा आमच्या बाभळगावसारख्या ठिकाणी प्रशिक्षण होते. तेथील कवायतीची मुले धास्ती घेतात, पण ती सर्वांची निभते. खरी ओळख नंतर होते. मुंबईत नवा शिपाई साधारणपणे प्रथम सशस्त्र विभागात जातो, म्हणजे नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ अशा ठिकाणी. तेथे गार्ड (पहारा), आरोपी पार्टी (आरोपींची ने-आण) आणि बंदोबस्त हीच कामे असतात. गुन्ह्याचा तपास, ज्याच्या ओढीने मुले येतात, त्याचा वारा पहिली काही वर्षे लागतही नाही. पोलीस ठाण्यात आल्यावर बीट, नाकाबंदी, समन्स-वॉरंट, ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळची मदत, कोठडीचा पहारा, मुद्देमालाची ने-आण असे काम येते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले; त्यामुळे लिखाणाबरोबर मोबाईलवरचे कामही चोख लागते. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे, त्याने या नोकरीकडे पुन्हा एकदा विचारपूर्वक पाहावे, कारण कोर्टात आरोपी सुटतो तो बहुधा पंचनाम्यातील चुकीमुळे, धावण्यात कमी पडल्यामुळे नव्हे.

एक प्रसंग सांगतो, कारण कामाचा स्वभाव त्यातून कळतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका अपघातातील मृताच्या घरी निरोप द्यायला मला पाठवले. रात्रीचे दोन वाजले होते. चाळीचा तिसरा मजला, जिन्यात दिवा नाही, हातात फक्त चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता. दार एका बाईने उघडले, खाकी कपडे पाहिले आणि काही न विचारता आत वळून स्टोव्ह पेटवला. तिला वाटले, नवऱ्याच्या ओळखीचा पोलीस आहे, चहा टाकावा. ते वाक्य मी कसे बोललो, ते आज आठवत नाही. स्टोव्हचा आवाज तेवढा आठवतो. असे निरोप महानगरात वारंवार द्यावे लागतात, बेवारस मृतदेहाबरोबर शवागारात जावे लागते आणि परत येऊन त्याच हातांनी डबा खावा लागतो. हे आपल्याला जमेल का, याचे उत्तर कोणाजवळ आगाऊ नसते. पण आजोळी, गावात, शेजारी मयत झाल्यावर आपण पुढे होतो की मागे सरतो, एवढे प्रत्येकाला आपल्यापुरते ठाऊक असते.

मैदानावरील अनेक मुलांच्या मोबाईलवर तुकाराम ओंबळे यांचे छायाचित्र असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी कसाबची बंदूक स्वतःच्या अंगावर घेत घट्ट धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांना अशोकचक्र मिळाले. मी त्या मुलांना एवढेच ध्यानात आणून देतो की ते त्या रात्री नाकाबंदीवर उभे होते. मुंबई पोलिसाच्या आयुष्यातील हजारो रात्री अशाच नाकाबंदीच्या असतात आणि बहुतेक रात्री काहीही घडत नाही. ज्याला काहीही न घडणाऱ्या रात्रीही तितक्याच जागरूकपणे उभे राहता येते, त्याच्यासाठी ही नोकरी आहे.

कामाच्या तासांबाबत दोन्ही बाजू खऱ्या आहेत. २०१६ साली मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला आणि तो एका साध्या शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून सुरू झाला, याचा मला आजही अभिमान वाटतो. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते, आणि मनुष्यबळ कमी पडले की आठाचे बारा व्हायला वेळ लागत नाही. मुलींनी आणखी एक गोष्ट धरून चालावे : ३० टक्के समांतर आरक्षणामुळे त्यांची संख्या वाढली असली, तरी रस्त्यावरील दीर्घ बंदोबस्तात स्वच्छतागृहाची सोय हा आजही रोजचा त्रास आहे. लहान मूल असताना रात्रपाळी कशी निभेल, हे सासरच्या मंडळींशी लग्नापूर्वीच स्पष्ट बोलावे. नंतर बोलून ते सुटत नाही.

पैशाचा हिशेब आकड्यांनीच करावा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, आणि मुंबई-पुण्यात घरभाडे भत्त्याचा दर सर्वांत वरचा. हातात पडणारी रक्कम गावात मोठी दिसते. मुंबईत सरकारी खोली लगेच मिळत नाही आणि जुन्या खोल्या किती लहान होत्या, ते बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या घरांवरून कळेल. मग बदलापूर, विरार किंवा पनवेलकडे भाड्याने राहायचे, येण्या-जाण्यात रोज तीन-चार तास घालवायचे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही, हेही याच पानावर लिहावे. आणि डोक्यावर कर्ज घेऊन या नोकरीत येऊ नये. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीच्या फीसाठी, किंवा त्याहून वाईट म्हणजे "भरती करून देतो" म्हणणाऱ्या दलालासाठी शेत गहाण टाकलेली घरे मी पाहिली आहेत. दलालाला दिलेला पैसा बुडतोच. आणि जो कर्जाखाली वाकून खाकीत येतो, त्याच्यापुढे पहिले पाकीट सरकवले जाते, तेव्हा नाही म्हणण्याचे बळ त्याच्यात सर्वांत कमी असते. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा लागला की बातमीत गावाचेही नाव येते.

चारित्र्य पडताळणीबाबत आमच्या भागात विशेष सावध राहावे लागते, कारण आंदोलनांतून, गावच्या भांडणांतून अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झालेले असतात. गुन्हा असेल तर तो लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मधील अवतार सिंग खटल्यात स्पष्ट केले आहे की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ प्रकरण प्रामाणिकपणे सांगितले तर त्याचा विचार होऊ शकतो, लपवलेले मात्र पुढे नोकरीच घालवू शकते.

परीक्षेची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून थोडक्यात लिहितो. बारावी उत्तीर्ण, खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ पर्यंत वय, पुरुषांसाठी १६५ आणि महिलांसाठी १५५ सेंटिमीटर उंची. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. तेव्हा पहिल्याच दिवशी किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या वयाला थांबायचे, हे ठरवून कागदावर लिहावे. मी एकोणतिसाव्या वर्षीही फक्त धावत राहिलेली, पदवी अर्धवट सोडलेली मुले पाहतो आणि मनापासून वाईट वाटते. पदवी पूर्ण करावी; उपनिरीक्षकपदाची लोकसेवा आयोगाची वाट तिच्यामुळेच उघडी राहते, आणि शिपाई म्हणून लागल्यावरही विभागीय परीक्षा देता येते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपातील बाधित कुटुंबांसाठी २ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

इतके वाचून मी मुंबईविरुद्ध आहे असे कोणी समजू नये. स्वतःच्या जिल्ह्यात नोकरी करताना प्रत्येक भांडणातील एक बाजू कोणाच्या तरी मामाची, जातीची, पुढाऱ्याची निघते आणि फोन येतात. मुंबईत मला कोणी ओळखत नव्हते, आणि त्यामुळे पुष्कळदा मला जे बरोबर वाटले, ते करता आले. तपासाचे जेवढे प्रकार तेथे पाहायला मिळतात, तेवढे जिल्ह्यात पाहायला मिळत नाहीत. माझी मुले तेथे शिकली. ज्याच्या घरी पाठीमागे माणूस आहे आणि ज्याला गावच्या नात्यागोत्यापासून मोकळे राहून काम करायचे आहे, त्याने मुंबई निःशंकपणे लिहावी. ज्याला केवळ गावाजवळ राहायचे आहे, त्याने राज्य राखीव पोलीस दलाचे हिंगोली, जालना किंवा संभाजीनगरचे गट हा सोपा पर्याय समजू नये. मुख्यालय जवळ असले, तरी तुकड्या राज्यभर फिरत असतात.

अर्जाची मुदत संपण्यापूर्वी आठ दिवस तरी मुंबईत कोणाकडे राहून यावे, सकाळच्या लोकलने दोन-तीन वेळा प्रवास करावा. पाच, पंधरा आणि पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या तीन पोलिसांना भेटावे आणि जमल्यास त्यांच्या पत्नींशी आपल्या आईला बोलू द्यावे. पुरुष सांगत नाहीत ते त्या सांगतात. मग घरी बसून बोलावे. "मी मुंबईला जाऊ का?" असे आईवडिलांना विचारू नये, कारण ते जा म्हणूनच सांगतील. वहीचे ते पान समोर ठेवावे आणि विचारावे की मी तिकडे असताना रात्री कोणाच्या पोटात दुखले, तर गाडी कोण काढील.