इंग्रजी उच्चारात मायबोली कुठे डोकावते, आणि तिथे काय करावे

मूल वर्षाचे होत आले की घरच्या भाषेत ज्या ध्वनिभेदांनी अर्थ बदलतो, तेवढ्याच भेदांना त्याचा कान सरावतो आणि बाकीचे भेद मागे पडतात. म्हणून पेडण्यात किंवा डिचोलीत घरी कोंकणी बोलत आणि शाळेत मराठी शिकत वाढलेला माणूस कळंगुटच्या हॉटेलात इंग्रजी बोलू लागला की अडचण आधी कानाची असते. त्याने सराव ऐकण्यापासून सुरू करावा. कोंकणीत अरुंद आणि रुंद ‘ओ’ अर्थभेद करतात, त्यामुळे ‘कोट’ आणि ‘कॉट’ यांतला फरक त्याला सहसा लवकर साधतो.

‘व’वर मात्र कष्ट घ्यावे लागतात, कारण इंग्रजीत त्याचे काम दोन निराळे ध्वनी करतात. ‘वाइन’ म्हणताना शीळ घालताना होतात तसे ओठ गोल करावेत आणि दातांना ओठाचा स्पर्श होऊ देऊ नये. ‘व्हिला’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवून हवा घासत बाहेर सोडावी. लिहिताना आपण ‘व्ह’ची सोय केली आहे खरी, पण त्यातला ‘ह’ तोंडात येता कामा नये. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आरशासमोर आलटूनपालटून म्हणावे.

शब्दारंभीचा आपला ‘प’ कोरडा, म्हणजे हवेच्या झोताशिवायचा असतो, त्यामुळे ‘पॅक’ हा शब्द ब्रिटिश पाहुण्याला ‘बॅक’ असा ऐकू येऊ शकतो. ओठांसमोर कागदाचा कपटा धरावा: ‘पॅक’ म्हणताना तो हलला पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना जवळपास स्थिर राहिला पाहिजे. चोडणला जाणाऱ्या ‘फेरी’चा ‘फ’ ओठ न मिटता, दात ओठावर टेकवून काढावा. ‘झू’साठी लांब ‘स’ म्हणत असतानाच कंठ घुमू द्यावा.

खरा गोंधळ होतो तो आघातामुळे, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते. मराठीत आघाताची जागा बदलल्याने अर्थ बदलत नाही आणि बहुतेक अक्षरे आपण पुरती उच्चारतो; इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन शेजारची आखडून टाकतात. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर येतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, तर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. शब्दकोशात आघाताच्या अक्षरापूर्वी लहान उभी रेघ असते; ती पाहून त्या अक्षरावर टेबलावर बोट आपटत शब्द म्हणावा, मग तो वाक्यात घालून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा.

‘ट’ आणि ‘ड’ आपले मूर्धन्यच, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून काढलेले, राहिले तरी सहसा कोणाचे काही अडत नाही. त्यांच्या मागे लागून वेळ दवडू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी सहकाऱ्याला समोर बसवून, यादी न दाखवता, ‘वेस्ट–व्हेस्ट’, ‘पॅक–बॅक’ अशा जोड्यांतले शब्द वाचून दाखवावेत आणि त्याला ऐकू आले तसे लिहून घ्यायला सांगावे. जे शब्द तो चुकीचे लिहील, त्यांचा सराव आधी करावा.