गोडाऊन बदलताना बॉक्स सापडून नाही राहिले? मग असं करा

आमची तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँक, सात शाखा, अन् जुन्या फायली ठेवायला जागा कुठंच नाही. आधी मागच्या खोलीत ठेवायचो, एका पावसाळ्यात तिथं उधई लागली, तेव्हापासून सगळं रेकॉर्ड नागपूरला वाडीकडच्या एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये. बॉक्सवर बारकोड, बॉक्समागं महिन्याचं भाडं, फाईल पाहिजे असली की मेल टाकायचा. मग त्यांनी भाडं वाढवलं, आम्ही दुसरी कंपनी धरली, अन् माल हलवायच्या वेळेस कळलं की १,१४० पैकी ३७ बॉक्स नाहीतच. गोडाऊनवरचा पोट्टा म्हणे, "साहेब, इथंच असतील, दिसून नाही राहिले."

खरं सांगतो, बॉक्स हलवताना हरवत नाही, तो चार-पाच वर्षांआधीच गेलेला असतो, फक्त कळते आज. म्हणून मोजणी आधी करा अन् सोडायची नोटीस मागून द्या. पुढच्या वर्षीचं भाडं मिळायची आशा आहे तोवरच ते लोक फोन उचलतात.

त्यांच्याकडून पूर्ण यादी एक्सेलमध्ये मागा. पीडीएफ घेऊ नका, ते जुळवता येत नाही. यादीत बारकोड, तुमचा बॉक्स नंबर, आत आल्याची तारीख, रॅकचं लोकेशन अन् शेवटची हालचाल पाहिजेच. ती तुमच्या पाठवणीच्या चलनांशी जुळवा, अन् मग खरी गंमत, त्यांच्या बिलांशी जुळवा. महिन्याच्या महिन्याला १,१४० बॉक्सचं भाडं घेऊन राहिले म्हणजे १,१४० बॉक्स आमच्याकडं आहेत हे ते दर महिन्याला लेखी देऊन राहिले. नंतर "तुम्ही पाठवलेच नसतील" म्हटलं की बिलांची फाईल समोर ठेवायची, बस. आमचं अर्धं भांडण तिथंच मिटलं.

पण भांडायच्या आधी आपलं घर तपासा. आमच्या ३७ मधले १४ आमच्याच शाखांमध्ये निघाले! ऑडिटसाठी एक फाईल मागवली, अख्खा बॉक्स आला, परत कोणी पाठवलाच नाही, अन् एका शाखेत तर त्याच्यावर पाण्याचा कॅन ठेवलेला. फोनवर विचाराल तर सगळे "आमच्याकडं नाही" म्हणतील, स्वतः जाऊन टेबलाखाली पाहा.

मग ६ बॉक्सचं बारकोडच गळून पडलेलं. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, टिनाच्या शेडखाली गोंद वाळतो अन् लेबल सुटते, मग कोणी तरी नवीन बारकोड चिकटवून देतो, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक बॉक्स गायब अन् दुसरा बिनमालकाचा. त्यामुळं "सापडले नाहीत" ची यादी मागता तशीच "कोणाचे कळत नाही" ची यादी पण मागा, ते आपणहून देत नाहीत. ४ बॉक्स दुसऱ्या ग्राहकाच्या रॅकवर होते. ५ नष्ट केलेले होते, तिथं नष्ट केल्याचं सर्टिफिकेट अन् आपल्याकडून परवानगीवर सही कोणाची, हे दोन्ही कागद घ्या.

उरले ८, ते खरंच गेले.

गाडी भरायच्या दिवशी आपला माणूस गोडाऊनच्या दारात उभा पाहिजे. जुन्या कंपनीनं बाहेर जाताना स्कॅन करायचं, नवीननं उतरवताना, अन् आपल्या माणसानं हातानं मोजायचं, तिन्ही आकडे जुळले की मगच सही. चलनावर "सर्व माल मिळाला" छापलेलं असलं तर ते खोडून न मिळालेले नंबर हातानं लिहा. मार्चएंड अन् एप्रिल ते जून पीककर्जाच्या गर्दीत हे काम काढू नका, अन् पावसात तर ताडपत्रीच्या भरवशावर बिलकूल नाही.

पैशाचं, सगळं बिल अडवून बसू नका. करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असते की थकबाकी असली तर माल अडवता येईल. वाद नाही तेवढं भरा, हरवलेल्या बॉक्सचं भाडं लेखी हरकत घेऊन थांबवा. भरपाई करारात बॉक्समागं फुटकळ रकमेवर बांधलेली असते, पण करार कायदा १८७२ च्या कलम १५१ प्रमाणं दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यानं शहाण्या माणसासारखी काळजी घ्यायलाच पाहिजे, ते वकिलाच्या नोटीसमध्ये टाकायला सांगा.

आता त्या ८ मध्ये काय होतं? बॉक्सवर "लोन फायली मिक्स" लिहून पाठवला असेल (आम्ही लिहिला होता, कोणाला सांगू) तर आधीच्या अन् नंतरच्या नंबरचे बॉक्स उघडा, मधल्या तारखा कळतात, मग त्या काळातली खाती सिस्टिममधून काढा अन् फाईलवार यादी बनवा. बॉक्सवार यादी काही कामाची नाही.

त्या यादीत ज्यांची मुदत संपली ते बाजूला. सहकारी बँकांना १९८५ चे रेकॉर्ड जपायचे नियम लागतात, काही रजिस्टरं ५ वर्षं, काही ८. केवायसीचे कागद खातं बंद झाल्यावर ५ वर्षं, जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. मुदत संपलेल्यांचा संचालक मंडळात ठराव घ्या, झालं.

चालू कर्जाची डीपी नोट (मागितले की पैसे देईन, असं कर्जदारानं सही करून दिलेलं वचन) गेली असेल तर घाई करा. वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आधी कर्जदार अन् जामीनदाराकडून बाकी कबूल असल्याची सही घ्या. कर्जदार गोड आहे तोवर, कापसाचे पैसे हाती आले की जा.

सगळ्यात जड म्हणजे गहाणखत अन् खरेदीखताचे मूळ कागद. पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची तक्रार, पेपरात जाहीर सूचना, मग दुय्यम निबंधकाकडून सर्टिफाइड नक्कल. हा खर्च बँकेचा, शेतकऱ्याच्या माथी मारायचा नाही. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात नियम केला, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये, हरवले असतील तर नक्कल मिळवायला आणखी ३० दिवस. म्हणून ज्यांचं कर्ज फिटत आलं त्यांच्यापासून सुरुवात करा, कोणी दारात येऊन उभं राहायची वाट नका पाहू.

निघताना जुन्या कंपनीकडून लिहून घ्या की नंतर बॉक्स सापडला तर फुकट आणून देऊ, चुकीचा निघाला तर परतही आम्हीच नेऊ. अन् तो आला की उघडून पाहिल्याशिवाय सही करू नका. आमचा एक चार महिन्यांनी आला, बारकोड आमचंच, वर नाव आमचंच, आत कोण्या दवाखान्याचे एक्सरे.