फोडणी, निरांजन आणि छतावरचा भोंगा

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी घरात एक प्रसंग ठरलेला असतो. पहिल्याच आठवड्यात मिरचीची फोडणी घातली जाते, छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलू लागतो, आणि घरातला एक जण खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत असतो. दुसऱ्या आठवड्यात त्या अलार्मवर हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप चढते. आम्हीही चढवली होती, म्हणून सांगते: तेवढं करू नका.

आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या घरात लागलेली आग बऱ्याचदा एका खोलीत अडते. इथली बहुतेक घरं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेले जिप्समचे पत्रे. त्यात फोमचे सोफे आणि गालिचे. रात्री आग लागली तर बाहेर पडायला कधी कधी दोन-तीन मिनिटंच मिळतात, आणि झोपेत धुराचा वास येईलच असं नाही. जाग आणतो तो भोंगाच.

मग फोडणीचं काय करायचं? आधी शेगडीवरचा पंखा तपासा. तो चालू करून वरच्या जाळीपाशी हात धरा. हाताला वारा लागला तर तो धूर बाहेर न टाकता गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतोय. भाड्याच्या बऱ्याच घरांत हाच प्रकार असतो. अशा वेळी खिडकी आधी उघडायची, तेल मागाहून तापवायचं. तरीही रोजच कोकलत असेल तर घरमालकाला फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा अलार्म लावायला सांगा. तो खमंग धुरावर कमी चिडतो. रात्री तीनला मध्येच ‘टिक्’ वाजू लागलं तर बॅटरी संपत आली आहे. अलार्मवर मागे तारीख असते. दहा वर्षं उलटली असतील तर बॅटरी नव्हे, अलार्मच बदलायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तोही आहे ना बघा. त्या वायूला वास नसतो.

इथे घरांना लागणाऱ्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक आहे, आणि आपण तर तळण्यातली माणसं. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, कढई उचलून सिंककडे पळायचं नाही. शेगडी बंद, वरून झाकण, आणि थंड होईपर्यंत झाकण काढून बघायचा मोह टाळायचा. पुऱ्या करताना मी कढईवर बसेल असं स्टीलचं ताट शेजारीच ठेवते. विजेच्या शेगडीचा लाल रंग गेला तरी ती बराच वेळ तापलेली असते. आमचा प्लास्टिकचा डबा तिथेच वितळला.

देवघराबद्दल थोडं कडक बोलते. जागा नाही म्हणून कपाटात देव बसवतात आणि वर साड्या लटकत असतात. तिथे निरांजन नको. लावायचंच तर बाहेर ताटात लावा आणि समोर बसा. झोपताना, कामाला जाताना विझवा. देव रागावत नाही. एका गणपतीत कापुरामुळे आमच्या अख्ख्या इमारतीचा अलार्म वाजला आणि सगळे शेजारी खाली रस्त्यावर. आरती पाठ नसलेलेही त्या दिवशी ‘जय देव’ ऐकून गेले.

कपड्यांच्या ड्रायरच्या जाळीतला कापसासारखा गोळा दर वेळी काढा. हीटरपासून पडदा, गादी तीन फूट लांब.

आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की पहिल्याच दिवशी त्यांना दाराबाहेर नेऊन जिना दाखवा, कुठे जमायचं ते ठरवा. आमच्याकडे फ्रिजवर देवनागरीत कागद आहे: नऊ एक एक, ‘फायर’, आणि खाली पूर्ण पत्ता, उच्चारासकट. फोन घराबाहेर पडल्यावर करायचा, हे सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात वर जोडलं आहे. त्याखाली: ‘लिफ्ट नाही. डबे, दागिने, देव काही घ्यायला मागे फिरायचं नाही.’ देव हा शब्द मात्र त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला.