कोरफड लावण्याआधी पिवळा चीक निथळू द्या
कुकरच्या वाफेने बोट पोळलं, तर आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. मगच कोरफड. कुंडीतलं खालचं जाड पान बुंध्याशी कापून पेल्यात 15 मिनिटं उभं ठेवा, कापलेली बाजू खाली. पिवळा, कडू चीक निथळतो. तो राहिला तर कातडी झोंबते, खाज उठते, आणि दोष मात्र कोरफडीला जातो. साल काढून पारदर्शक गर धुवा, पातळ थर लावा. फोड फुटला असेल तर घरचा गर नको, तो निर्जंतुक नसतो. डब्यातली हळदही नसते. मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पावसाच्या पाण्यात जखम भिजली, तर साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेप्टो, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणारा ताप, टाळायची गोळी वेळेतच घ्यावी लागते.