छतावर हवेची खिळेगन: नव्या हातांसाठी माझा अनुभव

सोलापुरात घराचं छत म्हणजे एकतर स्लॅब, नाहीतर पत्रा. जुन्या घरांवर माळवद. लाकडी सांगाड्यावर प्लाय ठोकून त्यावर डांबरी शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढवत जायचे डांबराचे पातळ तुकडे, बसवायचं काम इकडे अलीकडे दिसायला लागलंय, तेही बहुतेक फार्महाऊसवर किंवा बंगल्याच्या गच्चीवर काढलेल्या उतरत्या खोलीवर. मी फर्निचरचा सुतार. अशा पहिल्या कामावर गेलो तेव्हा पिन गन रोज हातात असायची, त्यामुळे छताची गन म्हणजे तिचीच थोरली बहीण, असं धरून चाललो होतो. या कामात येणाऱ्या पोरांचा समज आजही तोच असतो, म्हणून हे लिहितोय.

पहिला फरक खिळ्याचा. फर्निचरची एफ-30 पिन बारीक असते, तिला टोपी जवळजवळ नसतेच. ती शिंगलमधून आरपार जाते आणि शिंगल मोकळाच राहतो. शिंगलला जस्त चढवलेला, पसरट टोपीचा खिळा लागतो. टोपीची रुंदी साधारण साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मी. खिळा लाकडात पाऊण इंच तरी शिरला पाहिजे. प्लाय त्याहून पातळ असेल तर त्याचं टोक खालच्या बाजूने थोडं बाहेर दिसलं पाहिजे. हे खिळे तारेत गुंफलेल्या गोल गुंडाळीत येतात. तिला कॉइल म्हणतात आणि एका कॉइलमध्ये 120 खिळे असतात. दुकानात ‘कॉइल रूफिंग नेलर’ असंच मागा. नुसतं ‘खिळ्याची गन’ म्हणालात तर काँक्रीटची एसटी-64 हातात पडू शकते.

पत्र्याचं काम मात्र या गनने करू नका. पत्र्याला रबरी वॉशरचा स्क्रू आणि सिमेंटच्या पत्र्याला हुकबोल्ट, हेच बरोबर आहे. गनचा दणका बसला की सिमेंटचा पत्रा तडकतो.

आता दाबाबद्दल. हे मी चूक करूनच शिकलो. गनला कॉम्प्रेसरमधून, म्हणजे टाकीत हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातून, पाईपने हवा येते. ती साधारण 70 ते 120 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) लागते, नेमका आकडा गनवर छापलेला असतो. मे महिना होता. सकाळी सातला मिस्त्रींनी रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी-जास्त करायची चावी, लावून दिला, चार खिळे मारून बघितले, टोप्या शिंगलवर सपाट बसल्या. मी सुरू झालो. दुपारी ऊन बेचाळीसच्या वर गेलं. तापून डांबर मऊ पडलं आणि सकाळी जो दाब बरोबर होता तोच आता जास्त व्हायला लागला. टोपी शिंगल कापून आत रुतत होती. मला कळलंच नाही, कारण गनचा आवाज तोच आणि वेगही तोच. संध्याकाळी मिस्त्री वर आले आणि त्यांनी एक शिंगल दोन बोटांनी उचलला. तो खिळ्यातून सुटून हातात आला.

“बाळा, खिळा मारालायस का भोक पाडालायस?” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी अख्खी दुपारची पट्टी आम्ही काढून परत बसवली. माल माझ्यामुळे वाया गेला, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून दर तासाला मी दोन-तीन टोप्यांवरून अंगठा फिरवतो. टोपी शिंगलच्या पातळीत हवी. आत रुतली तर पकड गेली. वर राहिली तर वरचा शिंगल तिच्यावर घासून फाटतो. तिरकी गेली तर तिची धारच कापते. वर राहिलेली हातोडीच्या एका टोल्याने बसते. रुतलेल्या खिळ्याचं भोक डांबराच्या लांबीने (पुट्टीने) बुजवायचं आणि शेजारी नवा खिळा मारायचा. लांब पाईप टाकला किंवा एका छोट्या कॉम्प्रेसरवर दोन गना लावल्या की दाब पडतो आणि खिळे वर राहायला लागतात. तेव्हा रेग्युलेटर वाढवायच्या आधी टाकीचा काटा बघा. आणि उन्हाळ्यात अकरानंतर शिंगल्सचं काम थांबवा. मालक घाई करतील, त्यांना एक शिंगल उचलून दाखवा.

खिळ्याची जागाही ठरलेली आहे: शिंगलवरच्या चिकट पट्टीच्या खाली, खालच्या कडेला पाडलेल्या कापांच्या वर, दोन्ही टोकांपासून एक इंच आत. एका शिंगलला चार खिळे, उतार जास्त असेल किंवा माळरानावर वारं लागत असेल तर सहा. आपल्याकडे वळवाचा पाऊस वावटळ घेऊनच येतो, म्हणून उघड्या शेतातल्या घराला मी सहाच मारतो.

ट्रिगर दोन तऱ्हांचे असतात. एकात गनचं नाक आधी टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा. प्रत्येक खिळ्याला हेच. दुसऱ्यात ट्रिगर दाबून ठेवला की नाक टेकेल तिथे खिळा सुटतो. दुसऱ्याने काम भराभर होतं, पण नवख्याने पहिलाच घ्यावा. उतारावर पाय घसरला आणि बोट ट्रिगरवर असलं, तर नाक आपल्याच मांडीवर टेकू शकतं. चालताना बोट ट्रिगरवरून काढायचं. सेफ्टी हार्नेस घालून दोरी बांधायची, चष्मा घालायचा. खिळा अडकला तर आधी पाईप काढायचा, मगच गन उघडायची.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. साइटवर फॅब्रिकेशनचं काम चालू असेल तर ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारीच उभा असतो. लाईट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, म्हणून गन त्या सिलिंडरला कधीही जोडू नका. तेल लागलेल्या गनमध्ये ऑक्सिजन गेला की स्फोट होतो. लाईट येईपर्यंत हातोडी घ्या. तसंही पहिले आठ दिवस हातोडीनेच खिळे मारलेले बरे. टोपी कुठे थांबली पाहिजे हे मनगटाला एकदा समजलं की गनचं चुकलेलं लगेच लक्षात येतं.

सकाळी गनच्या हवेच्या तोंडात दोन थेंब तेल सोडा. संध्याकाळी कॉम्प्रेसरची हवा सोडून टाकीखालचा नळ उघडा. पावसाळ्यात तिथून वाटीभर गंजकं पाणी निघतं. ते पूर्ण निघेपर्यंत नळ उघडाच ठेवा.